‘गोळी गरम पडली’ ही तक्रार कागदावर येऊ द्या: सांगली जिल्ह्यातील फार्मासिस्टना खुले पत्र

प्रति,
सांगली जिल्ह्यातील केमिस्ट संघटनांचे पदाधिकारी
आणि मेडिकलच्या काउंटरवर उभे राहणारे सर्व फार्मासिस्ट बंधू-भगिनी

सप्रेम नमस्कार.

‘कालची गोळी गरम पडली बघा, दुसऱ्या कंपनीची द्या.’ मिरजेपासून जतपर्यंत कोणत्याही मेडिकलवर उभं राहिलं तरी हे वाक्य कानावर पडतं. ‘अंगावर पित्त उठलं’, ‘तोंड आलं’, ‘गोळी सोसली नाही’, ‘घेतल्यापासून गरगरतंय’ ही त्याचीच भावंडं. पेशंट ‘ॲडव्हर्स ड्रग रिॲक्शन’ (एडीआर, म्हणजे औषधाने झालेला अपाय) असा शब्द कधीच वापरणार नाही. तो असंच बोलणार, आणि बहुतेक वेळा ते तुमच्याशीच बोलणार. डॉक्टरांकडे परत जायचं म्हणजे पुन्हा नंबर, पुन्हा फी आणि एका दिवसाचा बुडालेला रोजगार. मेडिकलवर जाता जाता विचारता येतं.

पुढे काय होतं तेही तुम्हाला ठाऊक आहे. उरलेली स्ट्रिप परत घेतली जाते, दुसरा ब्रँड दिला जातो, सोबत सेट्रिझिनच्या, म्हणजे ॲलर्जीवरच्या, चार गोळ्या. पेशंट बरा होतो आणि दुकानावरचा त्याचा विश्वास वाढतो. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. पण त्या औषधाबद्दलची माहिती तिथेच ड्रॉवरमध्ये संपते. हे पत्र त्या माहितीसाठी आहे.

औषध सुरक्षेचा राष्ट्रीय कार्यक्रम, म्हणजे पीव्हीपीआय, जुलै २०१० मध्ये सुरू झाला. एप्रिल २०११ पासून त्याचं समन्वय केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. म्हणजे व्यवस्था उभी राहून बरीच वर्षं झाली. फार्मासिस्टना विचारलं की रिॲक्शन कळवणं आपलं काम आहे का, तर जवळजवळ सगळे ‘हो’ म्हणतात. आजवर रिॲक्शन कळवण्याचे किती फॉर्म भरले असं विचारलं की गप्प होतात. दोष एकट्या फार्मासिस्टांचा नाही. १२ देशांतल्या ३७ अभ्यासांचा एकत्र आढावा २००६ साली प्रसिद्ध झाला, त्यात न कळवल्या जाणाऱ्या रिॲक्शनचं मध्यक प्रमाण ९४ टक्के निघालं. त्यात डॉक्टर आले, रुग्णालयं आली, श्रीमंत देशही आले. फरक एवढाच की तक्रार सगळ्यात आधी आणि सगळ्यात ताजी ऐकू येण्याची सोय तुमच्या काउंटरवर आहे.

न कळवण्याचं जे कारण सर्रास दिलं जातं ते म्हणजे ‘खात्री कुठे आहे?’ गोळीनेच झालं की खाण्यातून, की आजारामुळेच, हे आम्ही कसं ठरवणार? प्रश्न प्रामाणिक आहे, पण तो तुम्हाला कुणी विचारलेलाच नाही. फॉर्मचं नावच ‘संशयित’ रिॲक्शनचा फॉर्म असं आहे. औषध आणि त्रास यांचा संबंध किती पक्का, हे ठरवण्याचं काम वैद्यकीय महाविद्यालयांतल्या एडीआर मॉनिटरिंग सेंटरचं आणि त्यापुढच्या तज्ज्ञांचं. तुमचा एकटा फॉर्म काहीच सिद्ध करत नाही, करायचाही नसतो. वेगवेगळ्या जिल्ह्यांतून त्याच औषधाचे, त्याच त्रासाचे फॉर्म येऊन पडले की मग कुणाच्या तरी लक्षात येतं. मेफेनॅमिक ॲसिडचंच घ्या. पाळीच्या दुखण्यावर आपल्याकडे सहज मागितली जाणारी गोळी. या गोळीमुळे ड्रेस सिंड्रोम होऊ शकतो, म्हणजे ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणं आणि यकृतासारख्या अवयवांना इजा, असा इशारा पीव्हीपीआयने २०२३ च्या अखेरीस दिला. हा त्रास औषध सुरू केल्यापासून दोन ते आठ आठवड्यांनी दिसतो. इतक्या उशिराने आलेल्या पुरळाचा त्या गोळीशी संबंध पेशंटला सुचणारच नाही. तो सुचायला समोरच्या माणसाने विचारावं लागतं.

दुसरं कारण भीतीचं, आणि त्याबद्दल आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही. ‘डॉक्टर नाराज झाले तर चिठ्ठ्या समोरच्या दुकानात जातील.’ ज्यांचं दुकान दवाखान्याला लागून आहे त्यांच्यासाठी ही कल्पनेतली भीती नाही, तो महिन्याच्या धंद्याचा प्रश्न आहे. म्हणून आमचं सांगणं असं की फॉर्म पाठवण्याआधी डॉक्टरांना फोन करा. वाक्य सरळ असू द्या: ‘सर, आपल्या अमुक पेशंटला ही गोळी घेतल्यावर दुसऱ्या दिवशी अंगावर चट्टे आले आहेत. त्यांना तुमच्याकडे पाठवतोय. रिॲक्शनचा फॉर्म आम्ही भरतो, तुम्हाला काही जोडायचं असेल तर सांगा.’ योग्य मात्रेत, योग्य आजाराला दिलेल्या औषधानेही रिॲक्शन येते. फॉर्ममध्ये चूक कुणाची हे विचारलेलंच नाही. बहुतेक डॉक्टरांना ही माहिती हवीच असते. ती पेशंटच्या नातेवाइकांच्या तोंडून, चार दिवसांनी, रागारागाने येण्यापेक्षा तुमच्याकडून आलेली बरी.

औषध प्रशासनाची भीती निराळी. फॉर्म गेला की औषध निरीक्षक दुकानात येईल, बिलं काढायला लावेल, असं वाटतं. फॉर्मवर स्पष्ट छापलेलं आहे की रिॲक्शन कळवल्यामुळे कळवणाऱ्यावर कोणतीही कायदेशीर जबाबदारी येत नाही, आणि पेशंटची ओळख गुप्त राहते. पेशंटचं पूर्ण नावही द्यायचं नसतं, फक्त आद्याक्षरं. आता, शेड्युल एचची, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची, गोळी चिठ्ठीशिवाय दिली आणि रिॲक्शन आली तर काय, हा खरा अडचणीचा प्रश्न आहे. चिठ्ठीशिवाय देणं थांबवलंच पाहिजे. पण जोवर ते होतंय तोवर त्याच गोळ्यांच्या रिॲक्शन दडवून पेशंटचं दुहेरी नुकसान करू नका.

आता काउंटरवरच्या दोन गोष्टी जरा जवळून पाहू, कारण ‘रिॲक्शन’ म्हटलं की डोळ्यांसमोर फक्त पुरळ येतं.

पहिली, मान वाकडी होणं. पंधरा-वीस वर्षांची मुलगी, आदल्या दिवशी उलट्या होत होत्या म्हणून मेटोक्लोप्रामाइडची गोळी किंवा इंजेक्शन घेतलेलं. दुसऱ्या दिवशी मान एका बाजूला वळते आणि सरळ होत नाही, डोळे वर चढतात, जबडा आवळतो, जीभ बाहेर येते. मुलगी शुद्धीवर असते, सगळं ऐकत असते, पण बोलता येत नाही. घरचे घाबरतात. कुणी फिट म्हणतं, कुणी ‘बाहेरचं’ म्हणतं आणि देवऋषाकडे नेतं. याचं नाव अक्यूट डिस्टोनिया. मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन आणि मानसिक आजारावरच्या काही औषधांनी हा त्रास होतो, लहान मुलांत आणि तरुणांत जास्त, आणि बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांतच. रुग्णालयात योग्य इंजेक्शन मिळालं की अनेकदा अर्ध्या तासात मान सरळ होते. अशा वेळी घरातलं कुणीतरी काहीतरी औषध विचारायला मेडिकलवर येतंच. ‘गेल्या दोन-तीन दिवसांत उलटीची गोळी किंवा इंजेक्शन घेतलं होतं का?’ हा एक प्रश्न त्या घराचा सगळा गोंधळ मिटवतो. आधी रुग्णालय, मग फॉर्म. आणि ते औषध पुन्हा घ्यायचं नाही, हे त्यांच्या फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून द्या.

दुसरी, त्याच जागी परत येणारा डाग. ओठावर, हाताच्या पाठीवर किंवा गुप्तांगावर काळपट-जांभळा, गोल, काठ स्पष्ट असलेला डाग. जळजळतो, कधी फोड येतो, मग सुकतो आणि काळा व्रण मागे ठेवतो. पेशंट ट्यूब मागतो, लाजत मागतो, आणि स्टेरॉइड, बुरशीनाशक व प्रतिजैविक एकत्र असलेली ट्यूब घेऊन जातो. याला फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणतात. ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडॅझोलसारख्या जुलाबाच्या गोळ्या, मेट्रोनिडॅझोल, कोट्रायमॉक्साझोल, डॉक्सिसायक्लिन, वेदनाशामकं हे नेहमीचे संशयित. ओळखायची खूण एकच: तेच औषध पुन्हा घेतलं की काही तासांत डाग त्याच जागी उठतो. म्हणून विचारायचं, ‘याआधी इथेच आला होता का? तेव्हा जुलाबाची, दुखण्याची कोणती गोळी घेतली होती?’ गुप्तांगावर डाग आल्यावर नवरा-बायकोत नको ते संशय उभे राहतात. ते एका प्रश्नाने टळतात, हीसुद्धा लहान गोष्ट नाही.

काही खुणा मात्र प्रश्नोत्तरांसाठी थांबण्याच्या नसतात. ओठ-जीभ सुजणं, आवाज बसणं, श्वास लागणं; तापाबरोबर डोळ्यांची आग, तोंडात सोलवटणं, कातडीला हात लावला तरी दुखणं; डोळे पिवळे होणं; लघवी एकदम कमी होणं. यातलं काहीही असेल तर गोळी बदलून देऊ नका, सेट्रिझिन देऊ नका, गाडी करून रुग्णालयात पाठवा. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन, ॲलोप्युरिनॉल आणि सल्फा यांतलं काही गेल्या महिना-दोन महिन्यांत सुरू झालं असेल तर पेशंटसोबत तशी चिठ्ठीही द्या.

ओळखीची रिॲक्शनसुद्धा कळवायची का? होय. गंभीर-किरकोळ, माहितीतली-नवी, सगळी चालते. ॲलोपॅथीची औषधं, लसी, वनौषधी, सगळ्यांची चालते. सांधेदुखीवर ‘देशी’ म्हणून आणलेल्या पुडीने तोंड सुजलं, साखर वाढली, तर तीही लिहा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. देण्याघेण्यातली चूकही लिहा. सांधेवातावरची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी आहे. ती रोज घेतली गेली की तोंड सोलून निघतं, रक्तातल्या पेशी घटतात आणि जीव जाऊ शकतो. ‘तोंड आलंय, बी-कॉम्प्लेक्स द्या’ असं सांधेवाताचा पेशंट म्हणाला, तर आधी त्याची मेथोट्रेक्सेट कशी चालू आहे ते विचारा.

आता फॉर्मबद्दल. किमान चार गोष्टी लागतात: पेशंटची ओळख पटेल इतपत माहिती, त्रास, संशयित औषध आणि कळवणारा. एवढ्यावर फॉर्म ग्राह्य धरला जातो, पण उपयोगी ठरतो तो तारखांमुळे. ‘गोळी घेऊन अंगावर उठलं’ एवढंच लिहिलेला कागद वाचणाऱ्याच्या हाती काहीच देत नाही. नमुन्यादाखल मजकूर असा असावा:

‘र. ध., पुरुष, ४६. जुलाबासाठी ऑफ्लॉक्सॅसिन २०० मिग्रॅ + ऑर्निडॅझोल ५०० मिग्रॅ, १२ जूनला रात्री ९ वाजता पहिली गोळी. १३ जूनला पहाटे खालच्या ओठाला जळजळ, दुपारपर्यंत रुपयाच्या नाण्याएवढा जांभळट गोल डाग. सकाळची दुसरी गोळी घेतल्यावर आग वाढली. १३ जूनलाच औषध बंद. तीन दिवसांत जळजळ थांबली, काळा डाग आहे. मागच्या वर्षी हीच गोळी घेतल्यावर त्याच जागी डाग आला होता. सोबत मेटफॉर्मिन ५०० मिग्रॅ, तीन वर्षांपासून.’

दहा मिनिटांचं काम. यात औषध कधी सुरू झालं, त्रास कधी सुरू झाला, बंद केल्यावर काय झालं आणि पुन्हा घेतल्यावर काय झालं, हे चारही धागे आहेत. शेवटचा धागा तपासण्यासाठी मुद्दाम गोळी पुन्हा देऊन पाहायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

इथे नेहमी होणाऱ्या चुका सांगतो. नुसतं ब्रँडचं नाव लिहिलं जातं. आपल्याकडे एकाच नावाच्या मागे ‘पी’, ‘एमआर’, ‘एसपी’ जोडून वेगवेगळी मिश्रणं विकली जातात, तेव्हा घटक आणि मात्रा दोन्ही लिहा. सोबतची औषधं सुटतात, कारण बीपी-शुगरच्या गोळ्यांना पेशंट ‘औषध’ धरतच नाही. ‘रोजच्या गोळ्या कोणत्या?’ असं वेगळं विचारावं लागतं. द्राक्षपट्ट्यात, म्हणजे तासगाव-मिरजेकडच्या बागांत, फवारणी करून आलेल्या माणसाच्या अंगावरचे चट्टे औषधाचे की फवाऱ्याचे हा प्रश्न उरतोच, म्हणून शेवटची फवारणी कधी आणि कशाची, हेही इतर माहितीत लिहा. ऊसतोडीच्या हंगामात आलेलं कुटुंब आठ दिवसांत दुसऱ्या फडावर गेलेलं असतं. त्यांचा मोबाइल नंबर पहिल्याच दिवशी घेतला नाही, तर पुढे काय झालं ते कधीच कळत नाही.

आणि बॅच नंबर. फॉर्मवर सगळ्यात जास्त रिकामी राहणारी जागा हीच, आणि कारण आपल्या कात्रीत आहे. दहाच्या स्ट्रिपमधून चार गोळ्या कापून देताना बॅच आणि एक्स्पायरी छापलेला तुकडा आपण दुकानात ठेवतो, आणि पेशंटच्या हातात नाव अर्धं कापलेला तुकडा जातो. त्यात तो ‘बिल नको’ म्हणाला की सगळंच पुसलं गेलं. बिल द्याच. शेड्युल एचच्या औषधाच्या नोंदीत बॅच आणि एक्स्पायरी तशीही लागते. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मोबाइल नंबरचा रकाना सक्तीचा करा, म्हणजे नुसत्या नंबरावरून बॅच शोधता येईल. १ ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर किंवा बारकोड आला आहे. तो स्कॅन केला की घटक, कंपनी, बॅच, उत्पादनाची तारीख आणि एक्स्पायरी मिळते.

बॅचला एवढं महत्त्व का, हे महाराष्ट्राला तरी सांगावं लागू नये. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ पेशंट दगावले, त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंडं निकामी करणारं विषारी रसायन होतं. न्यायमूर्ती लेंटिन आयोग त्यावरच नेमला गेला. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशात, छिंदवाडा भागात, खोकल्याच्या सिरपने २० हून अधिक बालकं गेली. विष तेच. त्या सिरपमध्ये ते ४८.६ टक्के आढळलं, मर्यादा ०.१ टक्का आहे. साधा ताप-खोकला, मग उलट्या, मग लघवी बंद, मग मूत्रपिंडं निकामी. अशा वेळी कोणती बाटली, कोणती बॅच, ती आणखी कोणत्या घरात आहे, हे ज्या दुकानाला पाच मिनिटांत सांगता येतं ते दुकान मुलं वाचवतं.

फॉर्म पाठवण्याचे रस्ते: टोल फ्री १८००-१८०-३०२४, कामाच्या दिवशी सकाळी ९ ते संध्याकाळी ५.३०, ‘एडीआर पीव्हीपीआय’ हे मोबाइल ॲप, किंवा जवळच्या मॉनिटरिंग सेंटरला कागदी फॉर्म. हे केंद्र वैद्यकीय महाविद्यालयात बहुधा औषधशास्त्र विभागाकडे असतं, आणि केंद्रांची यादी इंडियन फार्माकोपिया कमिशनच्या संकेतस्थळावर आहे. पेशंटला स्वतः भरता येईल असा फॉर्म मराठीतही आहे. चार प्रती काउंटरखाली ठेवा.

‘वेळ कुठे आहे?’ या कारणावर एवढंच म्हणायचं आहे की मार्च २०१४ मध्ये शेड्युल एच१ चं, म्हणजे ठरावीक प्रतिजैविकं वगैरेंच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवायचं, रजिस्टर आलं तेव्हाही हेच म्हटलं गेलं होतं. आज ते रजिस्टर तुमच्या हाताशी असतं. त्याच रजिस्टरच्या शेवटच्या पानांवर चार रकाने आखा: तारीख, मोबाइल, औषध व बॅच, त्रास. गर्दीच्या वेळी एवढंच टिपा. दुपारी दुकान शांत असतं तेव्हा फोन करून बाकीचं विचारा आणि फॉर्म भरा. काउंटरवरची नोकरदार मुलंमुली तुमच्याच परवानगीने बोलणार, तेव्हा ‘गोळी गरम पडली’ ऐकलं की ब्रँड बदलण्याआधी फार्मासिस्टला हाक मारायची, एवढं त्यांना सांगून ठेवा. मालकाने हे सांगितलं नाही तर नोकरीतला फार्मासिस्ट कधीच फॉर्म भरणार नाही, आणि त्याला दोषही देता येणार नाही. ज्या दुकानात फार्मासिस्टचं फक्त प्रमाणपत्र भिंतीवर असतं, तिथे हे पत्र वाचणारंच कुणी नाही, हे आम्हाला ठाऊक आहे.

संघटनांच्या पदाधिकाऱ्यांकडे तीन मागण्या आहेत. प्रत्येक तालुक्यात, जत-शिराळ्यातही, एक फार्मासिस्ट असा नेमा की ज्याला बाकीचे फोन करून ‘हे कळवण्यासारखं आहे का?’ असं विचारू शकतील. तालुक्याच्या बैठकीत अर्धा तास राखून आलेल्या दोन-तीन नोंदी, नावं झाकून, सगळ्यांसमोर वाचा. भाषणांपेक्षा त्यातून जास्त शिकायला मिळतं. आणि तिसरी मागणी कळकळीची: महिन्याला इतके फॉर्म असं उद्दिष्ट कुणालाही देऊ नका. उद्दिष्ट दिलं की घरी बसून लिहिलेली ‘मळमळ’ आणि ‘डोकेदुखी’ गाझियाबादला पोचते आणि खऱ्या नोंदी त्या ढिगात बुडतात. वर्षाकाठी एका दुकानातून दोनच फॉर्म आले, पण तारखा, घटक आणि बॅचसकट आले, तरी चालतील.

फॉर्म भरताना अडलं, किंवा भरलेला फॉर्म पाठवण्याआधी कुणी वाचून द्यावा असं वाटलं, तर आम्ही वाचून देऊ. चुकलेला, अर्धवट, पेन्सिलने लिहिलेला असला तरी आणा.

आपले,
सांगली जिल्ह्यातील काही क्लिनिकल फार्मासिस्ट आणि औषधशास्त्राचे शिक्षक